अनवाणी पाय आणि पाच हजार रुपये

बारामती म्हटले की लोकांना ऊस आठवतो, साखर कारखाने आठवतात, राजकारण आठवते. आम्हा बारामती-इंदापूरच्या पळणाऱ्या मंडळींना मात्र एक बाई आठवतात. वय साठीच्या पुढचे, अंगावर नऊवारी लुगडे, पायांत काही नाही. लता भगवान करे हे त्यांचे नाव. त्यांच्या आधीही पळणारे पुष्कळ होते आणि त्यांच्यापेक्षा वेगाने पळणारे तर घराघरांत आहेत. पण "पळणे हे आपल्यासारख्यांचेही काम आहे" हे आमच्या वस्त्यांना पहिल्यांदा पटवून दिले ते या माउलीने. म्हणून या आठवड्याच्या कुटुंबपानावर त्यांच्याविषयी, आणि त्यांच्यानंतर गावोगावच्या शर्यतींना जाऊन आम्ही जे पाहिले त्याविषयी, चार गोष्टी सांगत आहोत.

लताबाईंची गोष्ट

लताबाईंचे कुटुंब मूळचे बुलढाणा जिल्ह्यातले. पोट भरण्यासाठी ते बारामती तालुक्यात आले आणि पिंपळी गावात राहिले. नवरा-बायको दोघेही दुसऱ्याच्या रानात राबायचे. साठवलेली पै-पै तिघी मुलींच्या लग्नांत गेली. अशात भगवानराव आजारी पडले. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या, त्यात एमआरआय होता. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला हा खर्च म्हणजे डोंगरच. त्याच सुमारास बारामतीत मॅरेथॉन भरणार असल्याचे आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या येणाऱ्याला पाच हजार रुपयांचे बक्षीस असल्याचे त्यांच्या कानावर आले.

ही गोष्ट २०१३ च्या सुमाराची. लताबाई शर्यतीत उतरल्या. अंतर होते ३ किलोमीटर. आसपास बूट आणि चड्डी-बनियन घातलेली माणसे, मधे ही लुगड्यातली बाई. त्या अनवाणी धावल्या आणि आपल्या गटात पहिल्या आल्या. बक्षिसाचे पैसे नवऱ्याच्या तपासणीला लागले. पुढच्या वर्षांतही त्या धावल्या आणि पुन्हा जिंकल्या. त्यांच्या आयुष्यावर त्यांच्याच नावाचा मराठी चित्रपट निघाला. नवीन देशबोइना या तेलुगूभाषक दिग्दर्शकाने तो केला आणि त्यात लताबाईंनी स्वतःचीच भूमिका केली. २०२० च्या जानेवारीत तो पडद्यावर आला आणि २०२१ च्या मार्चमध्ये जाहीर झालेल्या ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. त्याच वर्षी कोरोनाच्या साथीत भगवानराव मात्र गेले.

आम्ही लताबाईंची जात विचारलेली नाही आणि विचारणार नाही. त्या कष्टकरी आहेत, हातावर पोट असलेल्या आहेत, गाव सोडून कामासाठी आलेल्या आहेत. आपल्या लोकांशी नाते जुळायला एवढे पुरेसे आहे.

कौतुक कशाचे करायचे?

असे काही घडले की सत्यवानाच्या सावित्रीची आठवण काढायची आपल्याकडे खोड आहे. नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली ती थोर, मग नवऱ्याच्या तपासणीसाठी पळाली तीही थोर, असा हिशेब. आम्हांला मात्र दुसरी सावित्री आठवते. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. मुंढव्याच्या महारवाड्यातले एक आजारी पोर पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्याकडे धावल्या. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ते पोर त्यांच्या पोटचे नव्हते, जातीचे नव्हते. ते आजारी होते, बस्स. आजारी माणसापर्यंत औषध पोचले पाहिजे, एवढेच त्या माउलीला ठाऊक होते.

म्हणून लताबाईंचे कौतुक करताना आम्हांला एक प्रश्न पडतो. त्या पहिल्या आल्या म्हणून पाच हजार मिळाले. त्या दुसऱ्या आल्या असत्या तर? आणि त्या दिवशी जी बाई मागे राहिली, तिच्या घरी कोणी आजारी नव्हते कशावरून? माणसाची तपासणी व्हावी की न व्हावी हे त्याच्या बायकोच्या पायांतल्या वेगावर ठरत असेल, तर त्यात टाळ्या वाजवण्यासारखे काय आहे? लताबाईंच्या जिद्दीला आम्ही मनापासून वंदन करतो. पण जी परिस्थिती साठीच्या बाईला डांबरी रस्त्यावर अनवाणी पळायला लावते, तिचे कौतुक आम्ही करू शकत नाही.

वाचकहो, इथे एक माहिती नीट लक्षात ठेवा. गरीब कुटुंबांसाठीची सरकारी आरोग्य योजना राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये सगळ्या राज्यात, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यातही आली. तेव्हा तिला राजीव गांधींचे नाव होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. तिच्यात मोठी ऑपरेशने आणि ठरावीक उपचार मोफत होतात. पण ही योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. आजार कोणता हे ठरण्याआधी बाहेरून ज्या तपासण्या कराव्या लागतात, त्यांचा खर्च बहुतेक वेळा खिशातूनच जातो. आणि गरिबाचे घर अडते ते नेमके इथे. ऑपरेशनला लाखभर द्यायला सरकार तयार, पण ऑपरेशन लागणार की नाही हे सांगणाऱ्या कागदाला पाच हजार कोण देणार? लताबाई धावल्या त्या या मधल्या खड्ड्यावरून.

२०१९ साली बारामतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही चांगली गोष्ट आहे. आपल्या लोकांनी आधी सरकारी दवाखान्याची पायरी चढावी. योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' म्हणून माणूस बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड दाखवून सरळ विचारावे. लाजू नये. तो आपला हक्क आहे, कोणाचा उपकार नव्हे.

कालव्याच्या कडेने

आता आमच्याविषयी थोडे. आम्ही पाच-सहा जण आहोत. कोणी एमआयडीसीत पाळीवर, कोणी एसटीच्या आगारात, कोणी साखर कारखान्यात हंगामी, एक भगिनी अंगणवाडीसेविका. काही बारामतीचे, काही इंदापूर तालुक्यातले. बक्षीस मिळवण्याइतके आम्ही वेगवान नाही. शर्यत पुरी करतो, पदक गळ्यात घालून घेतो आणि सोमवारी कामावर जातो.

आमचे मैदान म्हणजे नीरा डाव्या कालव्याचा काठ. पहाटे साडेचारला निघायचे, उजाडायच्या आत परत यायचे, कारण सातची पाळी असते. मऊ माती, कडेला झाडी आणि पाण्यावरून येणारा गारवा. अशी जागा पुण्या-मुंबईच्या लोकांना पैसे देऊनही मिळायची नाही. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की मात्र डांबरी रस्त्यावर जपावे लागते. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात येतात, पुष्कळांच्या मागे दिवा नसतो. आम्ही नेहमी समोरून येणारी गाडी दिसेल अशा, म्हणजे उजव्या बाजूने पळतो आणि अंगात पांढरा सदरा घालतो.

अंगणवाडीच्या ताईंनी पळायचे ठरवले तेव्हा घरी बरीच बोलाचाली झाली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, शेणकूर, पाणी, स्वयंपाक, पोरं, एवढं पळतीस दिवसभर, ते काय कमी पडलं?" ताई म्हणाल्या, "आत्याबाई, ते सगळ्यांसाठी पळणं झालं. एक तास माझ्यासाठी पळू द्या." सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी पहाटे त्यांनीच उठून चूल पेटवली आणि म्हणाल्या, "जा, पर उजाडायच्या आत ये." आज ताई शर्यतीला गेल्या की घर सासूबाई सांभाळतात. घरच्या एका बाईने दुसऱ्या बाईला दिलेला हा तास आम्हांला कोणत्याही पदकापेक्षा मोठा वाटतो.

भाकरी बांधून शर्यतीला

आपल्या समाजाला प्रवासाची सवय आहे. दीक्षाभूमीला जायचे, चैत्यभूमीला जायचे, एक जानेवारीला भीमा कोरेगावला जायचे, तर भाकरी-चटणीचे गाठोडे, एक चादर आणि मिळेल ती गाडी. मॅरेथॉनला आम्ही असेच जातो.

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली आणि ती साधारणपणे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी भरत आली आहे. हा रविवार सहा तारखेलाच आला तर आमचा नेम ठरलेला आहे : पळणे बाजूला, चैत्यभूमी आधी. साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन २०१२ पासून होते. यवतेश्वरचा घाट चढून जायचे आणि उतरून यायचे, २१ किलोमीटर. चढाला पिंडऱ्या बोलतात आणि उताराला गुडघे. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि ती साधारणपणे जानेवारीत होते, तिचे अंतर पूर्ण ४२ किलोमीटर १९५ मीटर. ती पहाटे अंधारातच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुटते. आम्ही गेलो त्या वर्षी परतीच्या वाटेवर माहीम-दादरचा रस्ता होता. शिवाजी पार्क आले की चैत्यभूमी जवळच आहे हे पायांना कसे कळते कोण जाणे. आमच्यातल्या प्रत्येकाने न ठरवता त्या दिशेला हात जोडले आणि पुढे निघालो.

आता खर्चाचे बोलू, कारण आपल्या घरात तो प्रश्न आधी येतो. मोठ्या शहरांतल्या शर्यतींची प्रवेश फी हल्ली हजारांत मोजावी लागते. शिवाय छातीवर लावायचा नंबर आदल्या दिवशी स्वतः जाऊन घ्यावा लागतो. शहरातल्या माणसाला तो शनिवारचा फेरफटका. इंदापूरच्या माणसाला मात्र एका दिवसाच्या शर्यतीपायी दोन दिवसांचा रोज बुडतो आणि एक रात्र कुठे काढायची हा प्रश्न उरतो. आम्ही कधी नातेवाइकांकडे, कधी विहारात, तर कधी स्टेशनवर रात्र काढली आहे. एका शहरातल्या विहारात उपासिकांनी रात्री अकराला आमच्यासाठी पिठले-भाकरी केली आणि पहाटे तीनला चहा. ज्यांना मॅरेथॉन म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, त्यांनी निघताना "जपून पळा रे लेकरांनो" म्हणून पाठीवर हात फिरवला.

म्हणून आम्ही नियम केला आहे. वर्षातून लांबची एकच शर्यत. बाकी जवळपासच्या, कमी फीच्या. घरातल्या पोरांची फी, दवाखाना, किराणा यांतला एक रुपयाही पळण्यात घालायचा नाही. महिन्याला प्रत्येकी थोडे पैसे भिशीसारखे बाजूला टाकायचे आणि त्यातून ज्याची पाळी असेल त्याला पाठवायचे.

पाण्याचे टेबल

मॅरेथॉनच्या रस्त्यावर दर काही किलोमीटरला पाण्याचे टेबल असते. शाळा-कॉलेजातली पोरे पेले घेऊन उभी असतात. पळणारा येतो, हात पुढे करतो, पोर पेला हातात देते. कोणी कोणाचे आडनाव विचारत नाही. छातीवर नंबर असतो, तेवढीच ओळख. त्या नंबराच्या मागे कंपनीचा साहेब आहे की ऊसतोड कामगाराचा मुलगा, हे पाणी देणाऱ्याला दिसत नाही.

ज्यांच्या आजोबा-पणजोबांना ओंजळीत वरून पाणी घातले जायचे, त्यांना हा पेला हातात घेताना काय वाटते हे इतरांना सांगून कळणार नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते केवळ तहान भागवण्यासाठी नव्हे. माणूस म्हणून आपली बरोबरी सिद्ध करण्यासाठी. खेळाच्या मैदानावरही ही बरोबरी फुकट मिळालेली नाही. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजात जन्मलेले थोर गोलंदाज. पुण्यात ते खेळत तेव्हा मैदानावर चेंडू सगळ्यांचा एकच असे, पण चहाच्या वेळी सवर्ण खेळाडू आत आणि बाळू बाहेर, त्यांचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात. याच बाळूंनी १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक गडी बाद केले.

एक गंमत पाहा. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक झाले. तिथली मॅरेथॉन जिंकणारा स्पिरिडॉन लुईस हा ग्रीक माणूस पाणी वाहण्याचे काम करायचा. म्हणजे पहिला ऑलिंपिक मॅरेथॉन विजेता कोणी सरदार-जहागीरदार नव्हता, पाणक्या होता.

पण पाण्याच्या टेबलाची दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. एका मोठ्या शहरातल्या शर्यतीत आम्ही मागच्या लोकांत होतो. ऊन तापलेले. तीस किलोमीटरच्या पुढे एकामागून एक टेबले रिकामी. काही तर उचलून टेम्पोत भरत होते. पुढच्यांनी दोन घोट पिऊन फेकलेल्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या रस्त्यावर पडल्या होत्या आणि मागून येणाऱ्यांना घोटभर पाणी नव्हते. शेवटी रस्त्याकडेच्या चहावाल्या मावशींनी कळशीतले पाणी दिले. पैसे घेतले नाहीत. मागे राहिलेला माणूस आळशी म्हणून मागे राहत नाही. पुष्कळदा तो आदल्या रात्री पाळी करून, उभ्याने प्रवास करून आलेला असतो. फी त्यानेही तेवढीच भरलेली असते. पुढच्यांना पाणी भरपूर आणि मागच्यांना टेबलच नाही, हा प्रकार आपल्याला समाजात चांगला ओळखीचा आहे. शर्यतीच्या रस्त्यावर तरी तो नको.

अनवाणी की बूट घालून?

लताबाईंमुळे पुष्कळांचा असा समज झाला आहे की अनवाणी पळणे हेच खरे. अनवाणी धावण्याचा इतिहास मोठा आहे हे खरेच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत खेड्यापाड्यांतली माणसे अनवाणी धावताना पाहून दोराबजी टाटांना वाटले की ही माणसे ऑलिंपिकला गेली पाहिजेत. १९२० साली अँटवर्पला भारताचा चमू गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते १९ वे आले. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावला आणि त्याने सुवर्णपदक घेतले. ज्या इटलीने त्याच्या देशावर आक्रमण केले होते, तिच्याच राजधानीत. पण चार वर्षांनी टोकियोत तो पुन्हा जिंकला तेव्हा त्याच्या पायांत बूट होते, हे लोक विसरतात.

आपल्या धम्मात यावर फार सुंदर गोष्ट आहे. सोण कोळिविस नावाचा एक श्रीमंत घरातला तरुण भिक्खू झाला. त्याचे पाय अतिशय नाजूक. त्याने चंक्रमणाची, म्हणजे चालत ध्यान करण्याची, एवढी पराकाष्ठा केली की पाय फुटून वाट रक्ताने भरली. तरी मनाला शांती नाही. घरी परत जावे असे त्याच्या मनात येऊ लागले. भगवान बुद्ध त्याच्याकडे आले. सोण पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? फार सैल सोडल्या तर? नेमक्या ताणल्या तरच ना? मग प्रयत्नाचेही तसेच आहे. आणि तथागतांनी त्याला एकेरी तळाची पादत्राणे वापरायला परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, सगळ्या संघाला असतील तरच मी घालीन. तेव्हा ती परवानगी सगळ्या संघाला मिळाली.

पळणाऱ्याने ही गोष्ट पाठ करावी. आठवड्याला थोडेथोडे अंतर वाढवा, एकदम तार ताणू नका. आणि बूट घालण्यात कमीपणा नाही. लताबाई अनवाणी धावल्या त्या हौसेने नव्हे. बूट महागडे नसले तरी चालतात, मापाचे मात्र हवेत. नवे बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. बायका-मुलींनी आधी रक्तातले हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, चाळिशीपुढच्यांनी रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्यावे. छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबावे. शर्यत दर वर्षी येते.

मुलींना रस्ता द्या

१९६७ साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर नावाची तरुणी धावत होती. बाई धावते आहे हे पाहून शर्यतीचा एक अधिकारी तिच्या अंगावर धावून गेला आणि तिचा नंबर ओढू लागला. तिने शर्यत पुरी केली. बायकांना या शर्यतीत अधिकृत प्रवेश मिळायला १९७२ साल उजाडले आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती १९८४ साली. म्हणजे बाईला पळू न देण्याचा शहाणपणा फक्त आपल्याच गावात नव्हता.

आज महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत हिने २०१० च्या आशियाई स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये रौप्यपदक घेतले. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. दोघीही डोंगर-माळावरच्या गावांतून आल्या. आपल्या वस्त्यांतल्या मुली पोलीस भरतीसाठी ८०० मीटर आणि मुले १६०० मीटर पळण्याचा सराव करतात. भरती झाली की पळणे सुटते, झाली नाही तरी सुटते. आमचे म्हणणे, ते सुटू देऊ नका. नोकरीसाठी पळा, जरूर पळा. पण त्यानंतर स्वतःच्या शरीरासाठी, मनासाठीही पळा. दारू-तंबाखूपासून पोरांना दूर ठेवायला पहाटेच्या मैदानासारखा उपाय नाही.

एवढे करू या

बारामती-इंदापूरच्या आणि इतर तालुक्यांच्याही जयंती मंडळांना, विहार समित्यांना आमची विनंती आहे. एप्रिलमध्ये जयंतीच्या निमित्ताने एका पहाटे आपल्या गावात एक शर्यत ठेवा. प्रवेश फी नको. ३ किलोमीटर पुरे. त्यात साठीपुढच्या बायकांचा गट हवाच, लुगड्यावर पळणाऱ्यांचाही. पाण्याचे टेबल शेवटचा माणूस पोचेपर्यंत उचलायचे नाही, आणि शेवटी येणाऱ्यालाही टाळ्या तेवढ्याच. डीजेच्या खर्चातले थोडे पैसे वाचवले तरी हे होते.

दुसरे, प्रत्येक विहारात एक छोटी तपासणी पेटी ठेवा. दर पौर्णिमेला वंदनेला येणाऱ्याने ऐपतीप्रमाणे टाकावे. वस्तीत कोणाला डॉक्टरांनी एमआरआय, सोनोग्राफी, रक्ताची मोठी तपासणी सांगितली आणि घरात पैसे नसले, तर त्या पेटीतून निघावेत. हिशेब भिंतीवर लावावा. सोबत एखाद्या शिकलेल्या मुलाने त्या कुटुंबाबरोबर दवाखान्यात जाऊन योजनेचे कागद करून द्यावेत. सरकारने तपासण्या मोफत कराव्यात ही मागणी तर लावून धरलीच पाहिजे, पण ती पुरी होईपर्यंत वस्तीतले माणूस थांबू शकत नाही.

म्हणजे मग आपल्या वस्तीतली एखादी आजी शर्यतीत उतरेल, ती नवऱ्याच्या औषधासाठी नव्हे. ती उतरेल कारण सकाळची हवा चांगली आहे, नातवंडे कडेला ओरडत आहेत, आणि तिला पळावेसे वाटले आहे. तिचा नंबर कितवा येतो याची घरात कोणाला काळजी असणार नाही.

जय भीम.